३८ अंशांचा उतार आणि पावसातली वाईन

द्राक्षाला पाऊस कधी नको असतो हे नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. फुलोऱ्यात नको, मणी फुगताना नको आणि घडात पाणी उतरल्यावर, म्हणजे माल पिकायला लागल्यावर, तर अजिबात नको. जपानमधल्या द्राक्षाला मात्र या तिन्ही वेळी पाऊस भेटतो. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत 'त्सुयू' नावाची झड लागते. तिच्यानंतर दमट उन्हाळा येतो, आणि माल पिकायला लागला की चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. डाऊनी, भुरी, करपा हे बुरशीचे रोग पाहुण्यांसारखे तिथे हंगामभर मुक्कामाला असतात.

अशा देशात विकतचं यीस्ट (रस आंबवणारे सूक्ष्मजीव) न घालता, साखर-आम्लाची दुरुस्ती आणि गंधक शक्य तितकं कमी ठेवून वाईन करायची, हे बहुतेक तंत्रज्ञांना वेडेपणाचं वाटेल. ब्रूस गटलव्ह तर तंत्रज्ञांच्याच घराण्यातले. न्यूयॉर्कचा माणूस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाईनशास्त्र शिकलेला, कॅलिफोर्नियातल्याच वाईनसाठी प्रसिद्ध नापा खोऱ्यात सल्लागार म्हणून काम केलेला. १९८९ मध्ये ते जपानला आले ते थोड्या काळासाठी, सल्ला द्यायला. पण परत गेले नाहीत. आधी वीस वर्षं तोचिगी प्रांतातल्या आशिकागा गावी कोको फार्म अँड वायनरीत काढली आणि नंतर उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर स्वतःची वायनरी उभारली. जपानच्या नैसर्गिक वाईनची गोष्ट सांगताना त्यांचं नाव टाळता येत नाही.

या प्रकरणाकडे मी एका प्रश्नासाठी बघतो. 'नैसर्गिक वाईन म्हणजे हात न लावलेली वाईन' असा एक समज शहरी पिणाऱ्यांत रुजला आहे. आशिकागात काय झालं ते पाहिलं की हा समज उलटा करावा लागतो. रसायनाचा हात जितका आखडता घ्यावा, तितके माणसांचे हात वाढवावे लागतात. ते हात कुणाचे होते, यात या प्रकरणाचा निम्मा अर्थ आहे.

मास्तरांचा डोंगर

गटलव्ह येण्याच्या तीन दशकं आधीपासून ही बाग होती. नोबोरू कावादा हे आशिकागातल्या शाळेत विशेष वर्गाला शिकवणारे शिक्षक. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं त्यांच्या वर्गात होती. घरी लाडाकोडात बसवून ठेवल्यामुळे या मुलांच्या तळहातांना काही करायची सवयच उरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. १९५८ मध्ये त्यांनी मुलांना घेऊन गावाजवळचा एक डोंगर साफ केला आणि तिथे सुमारे ६०० द्राक्षवेली लावल्या. सपाट सुपीक जमीन परवडण्यासारखी नव्हती, म्हणून उतारावरची. आणि उतारही कसा, तर सरासरी ३८ अंशांचा. यावर ट्रॅक्टर चढत नाही, पंप ओढत नेता येत नाही, मोकळ्या हातांनी उभं राहायलाही सवय लागते.

पुढे १९६९ मध्ये पायथ्याशी 'कोकोरोमी गाकुएन' ही निवासी संस्था सुरू झाली. द्राक्षं आधी खाण्यासाठी विकली जात. वाईन करायची तर मद्य परवाना हवा आणि समाजकल्याण संस्थेला तो मिळेना. म्हणून १९८० मध्ये पालकांच्या पाठिंब्याने वेगळी कंपनी काढली गेली आणि १९८४ मध्ये परवाना हाती आला. ही रचना आजही टिकून आहे: वायनरी संस्थेकडून द्राक्षं विकत घेते आणि बागेतली, तळघरातली बरीच कामं संस्थेला मोबदला देऊन करून घेते. इथे राहणाऱ्यांना सगळे 'विद्यार्थी'च म्हणतात, मग त्यांचं वय सत्तरीच्या पुढे का असेना.

कावादा मास्तरांची एक अट होती आणि मला ती या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. दयेपोटी कुणी वाईन घ्यायची नाही. दयेपोटी माणूस एक बाटली घेतो, दुसरी घेत नाही. वाईन चांगली म्हणूनच विकली गेली पाहिजे. धर्मादाय संस्थांच्या मेणबत्त्या आणि पायपुसणी आपणही घेतो. त्या पुन्हा मागवतो का, हे ज्याचं त्याने तपासावं. या हट्टापायी मास्तरांनी अमेरिकेतून तज्ज्ञ बोलावला. त्याच १९८९ साली कॅलिफोर्नियात सोनोमाला द्राक्षबागही घेतली, कारण वायनरीला माल कमी पडत होता.

शिकलेलं बाजूला ठेवणं

डेव्हिसमध्ये त्या काळी शिकवली जायची ती स्वच्छ, हुकमी वाईन. द्राक्ष चिरडतानाच गंधक घालायचं, म्हणजे सालीवरचे जंगली जीव गप्प होतात. मग निवडलेलं पाकिटातलं यीस्ट सोडायचं. आम्ल कमी पडलं तर आम्ल, साखर कमी पडली तर साखर. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हात ही पद्धत बिनचूक चालते. त्यात वाईटही काही नाही. जगातली बहुतेक वाईन अशीच होते आणि आपल्याकडचीही.

आशिकागात आल्यावर ही पद्धत जशीच्या तशी लावता आली असती. तिच्यातून प्यायला बरी वाईन निघालीही असती. पण पावसात वाढलेलं द्राक्ष मुळात पातळ, त्यात साखर कमी. त्याला बाहेरून साखर, बाहेरून यीस्ट, बाहेरून आम्ल दिलं की हाती येतं ते नापाचं फिकं रूप. नापाशी नापाच्या मैदानात कोण जिंकणार? गटलव्ह यांचा मोठेपणा असा की त्यांनी हे ओळखून दिशा बदलली, तीही हळूहळू. एक टाकी रानटी यीस्टवर सोडून पाहायची, जमलं तर दुसरी. होता होता कोको फार्ममध्ये रानटी यीस्ट हीच मुख्य पद्धत झाली.

इथे थोडं आतल्या यंत्रणेबद्दल बोलायला हवं, नाहीतर 'रानटी यीस्ट' हा शब्द फक्त मोहक वाटतो. द्राक्षाच्या सालीवर आणि वायनरीच्या भिंती-टाक्यांवर अनेक जातींची यीस्ट असतात. रस मोकळा झाला की पहिल्यांदा जोर धरतात त्या नाजूक जाती. मद्याचं प्रमाण चार-पाच टक्क्यांवर गेलं की त्या मरायला लागतात आणि दारू सहन करणारी सॅकरोमायसिस जात सूत्रं हातात घेते. या अदलाबदलीत वाईनला अनेक पदरी वास मिळतात, आणि धोकाही याच टप्प्यावर असतो. सुरुवातीला गंधक नसेल तर व्हिनेगर करणारे जिवाणूही शर्यतीत उतरलेले असतात. आंबण्याची सुरुवात रेंगाळली, मध्येच थांबली की त्यांचं फावतं. अख्खी टाकी लोणच्यात घालायच्या लायकीची होते.

या जिवाणूंना आत शिरायला सगळ्यात सोपं दार म्हणजे कुजलेला, फुटलेला मणी. शंभर चांगल्या मण्यांत पाच सडके असतील तर पाकीट-यीस्टवाला गंधक घालून वेळ मारून नेतो. रानटी यीस्टवाल्याला ते पाच मणी टाकीत जाऊच देता येत नाहीत. आणि जपानच्या पावसात मणी किती सडतात, हे वर आलंच आहे.

म्हणजे प्रश्न टाकीतला राहिला नाही, घडातला झाला. घडातले सडके मणी एकेक करून कोण काढणार?

हात

उत्तर डोंगरावर तयार होतं. वेगाच्या बाजारात ज्यांना कुणी कामावर ठेवलं नसतं, त्यांच्यात एकच काम तासन्‌तास, न कंटाळता, न चुकता करणारी माणसं होती. घड हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, खराब मणी काढायचा, पुढचा घड. पावसाचं पाणी थेट घडावर पडू नये म्हणून एकेका घडावर कागदी टोपी चढवायची. तणनाशक या उतारावर १९५८ पासून कधी मारलेलं नाही, त्यामुळे गवत हाताने कापायचं, तेही वर्षातून कितीतरी वेळा. छाटलेल्या काड्या खाली वाहून आणायच्या. कावळे हाकलायला एक जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत डबा बडवत डोंगरावर उभा. काही जणांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे आणि कावळ्यांच्या वेळा त्यांना पाठ आहेत.

तळघरातही हेच. कोकोची 'नोवो' ही फेसाळ वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवली जाते. तिच्यातला गाळ बाटलीच्या गळ्याशी जमावा म्हणून बाटल्या उलट्या तिरप्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात. मोठ्या कंपन्या आता हे काम यंत्राने करतात. कोकोत बाटल्या फिरवणारे विद्यार्थी आहेत. कुठली बाटली किती फिरवायची यात त्यांचा हात बसलेला असतो.

हे वाचून गहिवर येऊ शकतो. तो थोडा आवरावा असं मी म्हणेन. या माणसांना 'निसर्गाची लेकरं' वगैरे केलं की मास्तरांच्या अटीचा भंग होतो. हे कसबी कामगार आहेत आणि त्यांचं काम नसतं तर गटलव्ह यांची पद्धत त्या पावसात चाललीच नसती, इतकंच म्हणणं पुरे. नैसर्गिक वाईनच्या बाटलीवर जे 'काही मिसळलेलं नाही' असं अभिमानाने सांगितलं जातं, त्यामागे असं मोजता न येणारं 'काढलेलं' असतं.

२००० साली ओकिनावात जी-८ राष्ट्रांची शिखर परिषद भरली. तिच्या मेजवानीत १९९६ च्या द्राक्षांची 'नोवो' दिली गेली. एका विशेष वर्गाच्या डोंगरावरून निघालेली बाटली राष्ट्रप्रमुखांच्या टेबलावर गेली, ही बातमी जपानभर गाजली. दयेच्या अटीचा निकाल त्या दिवशी लागला असं म्हणायला हरकत नाही.

पावसाशी जमणारं द्राक्ष

हातांना मर्यादा असते. म्हणून दुसरी चाल द्राक्षाच्या जातीची. युरोपातल्या नामांकित जाती लावून बाटलीवर बडं नाव मिरवायचा मोह जपानमध्ये अनेकांना झाला. कोकोच्या डोंगरावर मस्कट बेली ए आहे. ही जात कावाकामी झेनबेई या निगाताच्या बागायतदाराने १९२७ मध्ये जपानच्या हवेसाठीच संकर करून काढली. 'नोवो' ज्यापासून होते ते रीस्लिंग लायनही जपानी संकर. याशिवाय कोकोने नॉर्टन ही रोगांना दाद न देणारी अमेरिकन जात, जाड सालीचं ताना आणि मोकळ्या घडाचं पती मांसां यांच्यावर भर दिला. मोकळ्या घडात वारा खेळतो, पाणी साचत नाही, साधा हिशोब आहे.

नाशिकने याच पावसाला वेगळं उत्तर शोधलं. आपल्याकडे वेलीला कडाक्याची थंडी नसते, ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून आपण तिचं घड्याळ फिरवतो. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घ्यायची आणि वाईनचा माल जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत काढायचा. आशिकागात ही सोय नाही. तिथे वेल हिवाळ्यात गाढ झोपते आणि ऋतू तिला ठरवून देईल तेव्हाच पिकते. पाऊस चुकवता येत नाही म्हटल्यावर त्याच्याशी जमवून घेणारी वेल शोधणं एवढंच उरतं.

या सगळ्यात मला सगळ्यात धाडसी वाटतो तो कोशूचा प्रयोग. कोशू हे यामानाशी प्रांतातलं जुनं द्राक्ष, फिकट गुलाबी सालीचं. ते मुख्यतः युरोपी द्राक्षाच्या वंशातलं, पण चिनी जंगली वेलीचाही थोडा अंश त्यात आहे, असं जनुकीय अभ्यासांत दिसलं. त्याची पांढरी वाईन पाण्यासारखी हलकी होते. सालीत कडवटपणा असतो म्हणून साल लगेच बाजूला करायची, ही रूढ रीत. गटलव्ह यांनी २००४ च्या हंगामात साल रसातच ठेवून आंबवली, लाल वाईनसारखी. जॉर्जियात मातीच्या रांजणांत पांढरी द्राक्षं अशी सालीसकट आंबवायची परंपरा हजारो वर्षांची आहे. 'ऑरेंज वाईन' हे नाव शहरांतल्या बारमध्ये पोहोचायच्या आधी जपानमध्ये ही बाटली निघाली. नारिंगी रंग, चहासारखा तुरटपणा, आणि कोशूला पहिल्यांदा अंग आलेलं. ज्याला दोष समजून काढून टाकत होते, तिथेच द्राक्षाचा जीव होता.

किती नैसर्गिक?

या प्रश्नावर नैसर्गिक वाईनवाल्यांच्या बैठकीत भांडणं होतात. गंधकाचा एक कणही चालणार नाही म्हणणारे कडवे आहेत. गटलव्ह त्यांच्यातले नाहीत. कोकोच्या बहुतेक बाटल्यांवर सल्फाइटचा, म्हणजे गंधकाचा, उल्लेख असतो, प्रमाण मात्र आखडतं. जपानच्या पावसात बागेत फवारणी शून्यावर आणणंही फार थोड्यांना जमतं. कडव्यांच्या मोजपट्टीने ही वाईन पूर्ण 'नॅचरल' ठरणार नाही.

मला ही मोजपट्टीच आखूड वाटते. कोरड्या सिसिलीतला माणूस एकही फवारा न मारता द्राक्ष पिकवतो, त्यात त्याच्या हवेचाही वाटा असतो. आशिकागात तीच शपथ घेणाऱ्याच्या हाती सप्टेंबरमध्ये रिकामे देठ येतील. गंधक थोडं घालून द्राक्षाची स्वतःची चव वाचत असेल तर ते घालावं, ही भूमिका व्यवहारी आहे आणि वाईन पिणाऱ्याच्या बाजूची आहे. व्हिनेगरच्या वासाला 'जिवंत' म्हणून विकणाऱ्या बाटल्या मीही चाखल्या आहेत.

उगमाच्या बाबतीत मात्र गटलव्ह आणि कोको कडक झाले. सोनोमाच्या आणि इतर परदेशी द्राक्षांचा आधार सोडून वायनरी पूर्णपणे जपानी द्राक्षांवर आली. याचं मोल कळायला तिथला जुना बाजार माहीत हवा. आयात केलेल्या दाट रसात पाणी घालून आंबवलेली वाईनही 'देशी वाईन' म्हणून खपत होती. जपानच्या राष्ट्रीय कर खात्याने २०१५ मध्ये नियम जाहीर केला आणि तो ३० ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. त्यानंतर जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांपासून जपानमध्येच केलेल्या वाईनलाच 'जपान वाईन' म्हणता येतं. कोकोने हा रस्ता नियम येण्याच्या आधीच धरला होता.

उत्तरेकडे

२००९ मध्ये गटलव्ह होक्काइडोतल्या इवामिझावाला गेले. तिथे त्सुयूचा त्रास जवळजवळ नाही, हवा थंड आणि बर्फ मात्र डोक्याएवढं. हे बर्फ शत्रू वाटतं पण ते वेलीचं पांघरूण आहे. उघड्यावर पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरतो तेव्हा बर्फाखालची वेल सुरक्षित असते. म्हणून तिथे वेली मुळातच तिरप्या लावतात आणि हिवाळ्याआधी तारांवरून सोडवून जमिनीशी निजवतात.

२०१२ मध्ये तिथे त्यांची 'टेन-आर' वायनरी सुरू झाली. ती फक्त स्वतःची वाईन करायला काढलेली नाही. आसपासचे छोटे शेतकरी आपला माल आणतात, प्रत्येकाची टाकी वेगळी, प्रत्येकाची वाईन वेगळी. काम त्यांनी करायचं, शेजारी उभं राहून शिकवायचं ते गटलव्ह यांनी. त्याला कारण परवान्याचं आहे. जपानमध्ये फळांच्या वाईनचा परवाना हवा तर वर्षाला किमान ६,००० लिटर उत्पादन दाखवावं लागतं, म्हणजे सुमारे ८,००० बाटल्या. विशेष 'वाईन क्षेत्र' जाहीर झालेल्या भागात ही अट २,००० लिटरवर येते. एक-दोन एकरवाल्याला पहिल्या काही वर्षांत तेवढंही जमत नाही. भाड्याच्या छताखाली वाईन करून बघता आली तर तो टिकतो, नाहीतर द्राक्षं मोठ्या कंपनीला घालून मोकळा होतो.

कोकोत हाताखाली तयार झालेल्यांत ताकाहिको सोगा यांचं नाव सर्वांत गाजलं. नागानोतल्या वाईनवाल्या घरातला हा माणूस कोकोत वर्षानुवर्षं राबून होक्काइडोच्या योइचीला गेला आणि २०१० मध्ये 'दोमेन ताकाहिको' सुरू केलं. पिनो न्वारचे घड देठांसकट आंबवायचे, रानटी यीस्टवर, हे त्यांचं तंत्र. त्यांची २०१७ ची 'नाना-त्सु-मोरी' कोपनहेगनच्या 'नोमा' या उपाहारगृहाच्या यादीत २०२० मध्ये गेली, आणि योइचीत जमीन शोधणाऱ्या तरुणांची रांग लागली.

टेन-आरचा धंदा म्हणून विचार केला तर गणित विचित्र आहे. ज्याला काम जमलं तो आपली वायनरी काढतो आणि टेन-आरचं एक गिऱ्हाईक कमी होतं. गटलव्ह यांची स्वतःची बाग छोटीच आहे. तिच्यातून 'कामिहोरो' नावाने थोड्या बाटल्या निघतात, 'काझे' मुख्यतः सोव्हिन्यों ब्लांची आणि 'मोरी' मुख्यतः पिनो न्वारची. बाकी टाक्या इतरांच्या असतात आणि हंगाम संपला की त्यांतल्या काहींचे मालक पुढच्या वर्षी स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करतात.